जलरोधक सायकल-पिशव्या (घरगुती शिवणकाम)

जलरोधक सायकल-पिशव्यांचे घरगुती शिवणकाम म्हणजे दीर्घ पल्ल्याच्या सायकलप्रवासात सामान वाहण्यासाठी लागणाऱ्या, पावसापासून व चिखलापासून सामानाचे रक्षण करणाऱ्या पिशव्या स्वतः आखून, कापून व शिवून तयार करण्याची प्रथा होय. या पिशव्या लोखंडी वाहकावर (कॅरियरवर) न ठेवता थेट सायकलच्या सांगाड्याला, हँडलला व आसनदांड्याला पट्ट्यांनी बांधल्या जातात. अशा प्रवासप्रकाराला ‘बाइकपॅकिंग’ म्हणतात. प्रत्येक सायकलच्या सांगाड्याचा आकार वेगळा असल्यामुळे मापाबरहुकूम शिवलेली पिशवी तयार पिशवीपेक्षा अधिक चपखल बसते. या शिवणकामाच्या प्रसारामागे हे प्रमुख कारण आहे. खर्चाची बचत, दुरुस्तीचे ज्ञान आणि जुन्या साहित्याचा पुनर्वापर ही अन्य कारणे होत.

संज्ञा व व्याप्ती

मराठीत ‘जलरोधक’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. वस्तुतः त्यात दोन भिन्न गुणधर्मांचा समावेश होतो. काही काळ पावसाचा मारा सहन करणारी, परंतु दीर्घकाळ भिजल्यास पाणी झिरपू देणारी वस्तू ‘जलप्रतिरोधक’ होय. पाण्यात बुडवली तरी आत पाणी न शिरणारी वस्तू ‘जलाभेद्य’ होय. घरी सुई-दोऱ्याने शिवलेली पिशवी बहुधा पहिल्या वर्गात मोडते. शिवणी नीट सील केल्यास ती दुसऱ्या वर्गाच्या जवळ जाते. हा भेद केवळ शाब्दिक नाही. पिशवीत कोणते सामान कशा प्रकारे ठेवावे, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

इतिहास

कापड जलाभेद्य असले तरी त्यापासून शिवलेली वस्तू जलाभेद्य असतेच असे नाही, हा अनुभव जुना आहे. स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये, दोन कापडांच्या मध्ये नॅप्थात विरघळवलेल्या रबराचा थर देऊन बनवलेल्या कापडाचे पेटंट घेतले. या कापडाचे कोट शिंप्यांनी नेहमीच्या पद्धतीने शिवले, तेव्हा सुईने पाडलेल्या छिद्रांतून पाणी आत येऊ लागले. त्यामुळे पुढे शिवणी रबराच्या द्रावणाने चिकटवून बंद करण्याची पद्धत रूढ झाली. आज पिशवी शिवणारा प्रत्येक जण याच अडचणीला सामोरा जातो.

सायकलच्या पिशव्यांसाठी इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात जाड सुती कॅनव्हास वापरले जाई. लँकेशायर परगण्यातील नेल्सन येथे १९३२ मध्ये सुरू झालेली ‘कॅराडाइस’ ही संस्था अशा पिशव्यांसाठी प्रसिद्ध आहे. घट्ट विणलेला सुती धागा पाणी शोषून फुगतो आणि विणीतील फटी बुजतात. ओले झाल्यावर अधिक घट्ट होणारे हे कापड त्या अर्थाने स्वतःच स्वतःला सील करते.

जर्मनीत १९८० च्या दशकाच्या आरंभी हार्टमुट ऑर्टलिब यांनी पावसाळी सायकलप्रवासात सामान भिजल्याच्या अनुभवानंतर मालमोटारींवरील ताडपत्रीपासून पिशव्या शिवल्या. १९८२ मध्ये त्यांनी आपल्या नावाची संस्था स्थापन केली. शिवणीऐवजी उच्च वारंवारितेच्या विद्युतलहरींनी प्लास्टिकच्या कडा एकजीव करण्याचे (वेल्डिंगचे) तंत्र तिच्या उत्पादनांचे वैशिष्ट्य ठरले. स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे मार्कुस व डॅनियल फ्रायटाग या बंधूंनी १९९३ मध्ये वापरून झालेल्या मालमोटारींच्या ताडपत्र्यांपासून खांद्यावरील पिशव्या शिवण्यास सुरुवात केली. टाकाऊ ताडपत्रीचा पुनर्वापर त्यामुळे सर्वपरिचित झाला.

आजच्या बाइकपॅकिंग पिशव्यांची घडण मुख्यतः उत्तर अमेरिकेत झाली. अलास्कातील बर्फाच्छादित मार्गांवर १९८७ पासून ‘इडिटाबाइक’ ही सायकलशर्यत होऊ लागली. खडबडीत वाटेवर धातूचे वाहक मोडत आणि त्यांचे वजनही जाचक होई. म्हणून सायकलस्वारांनी सांगाड्याच्या त्रिकोणी पोकळीत बसणाऱ्या पिशव्या तयार केल्या. अलास्कातील अँकोरेज येथे एरिक पार्सन्स यांनी अशा पिशव्या शिवण्याचा उद्योग सुरू केला. तो पुढे ‘रेव्हलेट डिझाइन्स’ या नावाने ओळखला गेला. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या ‘ग्रेट डिव्हाइड’ मार्गावर २००८ पासून ‘टूर डिव्हाइड’ ही शर्यत होऊ लागली. तीत स्पर्धकाला बाहेरची ठरवून घेतलेली मदत चालत नाही, सर्व सामान स्वतःच वाहावे लागते. या शर्यतीमुळे ही पद्धत जगभर पोहोचली.

घरी शिवण्याच्या परंपरेचा उगम गिर्यारोहणाच्या साहित्यात सापडतो. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात डेल जॉन्सन यांनी १९६० च्या दशकात स्थापन केलेली ‘फ्रॉस्टलाइन किट्स’ ही संस्था तंबू, जाकिटे व पाठपिशव्या यांचे कापलेले कापड, दोरा आणि सूचनापत्र असे संच विकत असे. ग्राहक ते घरच्या शिवणयंत्रावर शिवत.

पिशव्यांचे प्रकार

सायकलवरील स्थानानुसार पिशव्यांचे पुढील मुख्य प्रकार पडतात.

हँडल-गुंडाळी : हँडलच्या पुढे आडवी बांधली जाणारी दंडगोलाकार पिशवी. हिच्यात निद्रापिशवी (स्लीपिंग बॅग), तंबूचे कापड असे हलके व फुगीर सामान ठेवतात. शिवण्यास ही सर्वांत सोपी असल्याने नवशिक्यांनी येथून आरंभ करणे इष्ट ठरते.

सांगाडा-पिशवी : सायकलच्या मधल्या त्रिकोणात बसणारी चपटी पिशवी. वजन मध्यभागी व खाली राहत असल्यामुळे अवजारे, पाणी व अन्न असे जड सामान हिच्यात ठेवतात. हिचा साचा प्रत्येक सायकलसाठी स्वतंत्रपणे काढावा लागतो.

आसन-पिशवी : आसनामागे शंकूसारखी निमुळती होत जाणारी पिशवी. मागच्या चाकाने उडवलेले पाणी व खडे हिच्या तळावर सतत आदळतात. त्यामुळे शिवण्यास व सील करण्यास ही सर्वांत कठीण असते.

कापडाची निवड

सिंथेटिक धाग्याची जाडी ‘डेनियर’ या एककात सांगतात. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर. बाहेरच्या पिशव्यांसाठी साधारणतः २१० ते ५०० डेनियरचे नायलॉन वा पॉलिएस्टर वापरतात. घासण्याच्या जागी त्याहून जाड कापडाचे ठिगळ जोडतात.

कापडाची पाणी अडवण्याची क्षमता ‘जलस्तंभा’ने मोजतात. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून किती मिलिमीटर उंचीला पाणी आरपार येते, ते पाहिले जाते. १,५०० मिमी म्हणजे दीड मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब होय. ही क्षमता विणीतून येत नाही, ती मुख्यतः कापडावरील लेपातून येते. लेपाचे प्रकार ओळखणे महत्त्वाचे असते, कारण शिवण कशाने सील करायची हे त्यावर ठरते.

पॉलियुरेथेन लेप : कापडाच्या उलट बाजूस असतो. स्वस्त व शिवण्यास सोपा. याच्यावर उष्णतेने चिकटणारी सीलपट्टी अथवा पॉलियुरेथेनचा द्रव लेप बसतो. दमट हवेत अनेक वर्षे राहिल्यास हा लेप विघटित होऊन चिकट बनतो व त्याचे पापुद्रे निघतात.

सिलिकॉन लेप : हलका व टिकाऊ, परंतु निसरडा. त्यावर सिलिकॉनखेरीज अन्य काहीही चिकटत नाही.

थरयुक्त कापड : नौकेच्या शिडांच्या तंत्रातून आलेले हे कापड असते. बाहेरून नायलॉन, मध्ये तिरप्या धाग्यांची जाळी व पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा अशी त्याची रचना असते. ‘एक्स-पॅक’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. ते ताणत नाही आणि आकार धरून ठेवते.

थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा (टीपीयू) लेप असलेले नायलॉन : दोन लेपित बाजू समोरासमोर ठेवून इस्त्रीने तापवल्यास त्या एकजीव होतात. म्हणजे सुईविना पिशवी तयार करता येते. इस्त्रीचे योग्य तापमान तुकड्यांवर प्रयोग करूनच ठरवावे लागते. कमी तापमानात जोड सुटतो, जास्त तापमानात कापड वितळते. इस्त्रीला लेप चिकटू नये म्हणून मध्ये भट्टीत वापरतात तसा सिलिकॉनचा कागद ठेवतात.

पीव्हीसी ताडपत्री : जड, परंतु अत्यंत टिकाऊ. घरगुती यंत्रावर हिचे दोनपेक्षा जास्त थर शिवणे अवघड जाते. बाजारात मिळणारी पातळ निळी ताडपत्री मात्र पॉलिएथिलीनची असते. तिच्यावर गोंद अथवा सीलद्रव धरत नाही, म्हणून ती या कामास अयोग्य ठरते.

दोरा, सुई व यंत्र

सुती दोरा ओला झाल्यावर कुजतो, म्हणून पॉलिएस्टरचा जाड दोरा वापरतात. नायलॉनचा दोरा मजबूत असतो, पण सूर्यप्रकाशात पॉलिएस्टर अधिक टिकतो. सुईचा क्रमांक मध्यम कापडास १६ व जाड कापडास १८ असावा. गरजेपेक्षा जाड सुई मोठे छिद्र पाडते, बारीक सुईत दोरा घासून तुटतो.

टाका ३ ते ४ मिमी लांबीचा ठेवतात. टाके फार जवळ पडल्यास टपालतिकिटाच्या कडेप्रमाणे छिद्रांची ओळ तयार होते आणि ताण आला की कापड त्याच ओळीत फाटते. लेपित कापडाला टाचण्या लावत नाहीत, कारण टाचणीचे प्रत्येक छिद्र कायम राहते. त्याऐवजी कपड्यांचे चिमटे अथवा दुहेरी चिकटपट्टी वापरतात. उसवून पुन्हा शिवल्यासही छिद्रे दुप्पट होतात, त्यामुळे आधी जुन्या चादरीच्या कापडावर नमुना शिवून पाहणे हितावह असते.

या कामासाठी औद्योगिक यंत्राची आवश्यकता नाही. भारतात अनेक घरांत आढळणारे, हाताने अथवा पायाने चालणारे काळे लोखंडी शिवणयंत्र सरळ टाक्यासाठी पुरेसे समर्थ असते. त्याचे चाक हाताने फिरवून जाड जागी एकेक टाका घालता येतो. प्लास्टिकचे भाग असलेल्या हलक्या विद्युतयंत्रात ही सोय मर्यादित असते.

आखणी : एक उदाहरण

सपाट हँडलच्या सायकलसाठी १६ सेंमी व्यासाची व भरल्यावर ४५ सेंमी लांबीची, एका टोकाला तोंड असलेली हँडल-गुंडाळी शिवायची असल्यास हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

परीघ : ३.१४ × १६ = सुमारे ५० सेंमी. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी माया धरून कापडाची रुंदी ५३ सेंमी.

लांबी : भरलेला भाग ४५ सेंमी, तळाकडील माया दीड सेंमी. तोंडाकडे गोल आकार चपटा होण्यासाठी सुमारे ८ सेंमी (त्रिज्येएवढे) व तीन-चार वेळा गुंडाळण्यासाठी १२ सेंमी कापड जास्त ठेवावे लागते. एकूण सुमारे ६७ सेंमी.

तळ : १६ सेंमी व्यास अधिक दोन्हीकडची माया मिळून १९ सेंमी व्यासाचे वर्तुळ.

धारणक्षमता : ३.१४ × ८ × ८ × ४५ = सुमारे ९,००० घन सेंमी, म्हणजे ९ लिटर.

वाकड्या (ड्रॉप) हँडलच्या सायकलवर पिशवीची लांबी हँडलच्या आतील अंतरापेक्षा कमी ठेवावी लागते, अन्यथा ब्रेकच्या मुठींना अडथळा होतो. सांगाडा-पिशवीसाठी पुठ्ठा सांगाड्याला लावून आतील त्रिकोण रेखाटतात व नळ्यांपासून सर्व बाजूंनी काही मिलिमीटर आत कापतात. भरल्यावर पिशवी फुगते. साचा तंतोतंत ठेवला तर पिशवी पाय मारताना गुडघ्यांना घासते.

शिवणक्रम

अनुभवी शिवणारे सपाट तुकड्यावरील कामे आधी उरकतात. पट्ट्यांचे पाश, ठिगळे व बकले तुकडा सपाट असतानाच लावतात, कारण दंडगोल जोडल्यावर यंत्राचा पाय आत पोहोचत नाही. पट्ट्यांसाठी नायलॉनची नवार वापरतात. तिची कापलेली टोके मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून वितळवल्यास धागे सुटत नाहीत. नवार जेथे पिशवीला जोडली जाते तेथे आतून कापडाचा जादा तुकडा देऊन चौकोन व त्यात फुली असे टाके घालतात. त्यामुळे ताण मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो.

त्यानंतर सुलट बाजू आतमध्ये ठेवून उभी शिवण घालतात व शेवटी तळाचे वर्तुळ जोडतात. वर्तुळ व नळी या दोहोंवर चार समान भागांच्या खुणा करून त्या जुळवल्यास चुण्या पडत नाहीत. उभी शिवण सायकलवर बांधताना हँडलकडे, वरच्या बाजूस येईल अशी ठेवतात. तळाशी अथवा चाकासमोर येणारी शिवण सर्वांत आधी गळते. जेथे कापडावर कापड येते तेथे वरचा थर खालच्या थरावर कौलाप्रमाणे उतरता असावा. पाणी वाहून जाण्याची वाट आखणीतच ठेवली तर सीलद्रवावरचा भार कमी होतो.

शिवण सील करणे

शिवलेली पिशवी उलटी करून लेपाच्या प्रकारानुसार शिवणी बुजवतात. पॉलियुरेथेन लेपावर सीलपट्टी इस्त्रीने चिकटवणे ही सर्वांत स्वच्छ पद्धत होय. सिलिकॉन लेपावर सिलिकॉनचा गोंद खनिज टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कुंच्याने लावतात. तो टाक्यांच्या छिद्रांत मुरतो. हे काम उघड्या हवेत व ज्योतीपासून दूर करतात. दोन्ही पद्धतींत कापड आधी स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढणे अत्यावश्यक असते. सीलद्रव किमान एक रात्र वाळू देतात.

पट्ट्यांचे टाके पिशवीच्या मुख्य कापडातून आरपार गेलेले असतात. नवशिक्यांच्या पिशव्यांत उभी शिवण सील केलेली असते, परंतु हे टाके विसरले जातात व पाणी तेथूनच येते.

तोंडाची बंदिस्ती

चेनपेक्षा गुंडाळी-तोंड अधिक भरवशाचे ठरते. तोंडाच्या काठावर ताठ पट्टी शिवून ते किमान तीनदा गुंडाळतात व दोन्ही टोकांची बकले एकमेकांत अडकवतात. लेपित चेनवर पाण्याचे थेंब ठरत नसले तरी तिच्या टोकाशी व ताण आलेल्या दातांमधून पाणी शिरते. तिला जलप्रतिरोधक समजावे, जलाभेद्य नव्हे. सांगाडा-पिशवीत चेन अपरिहार्य असते. तिच्यावर झाकण-पट्टी शिवल्यास बराच बचाव होतो.

चाचणी

पिशवी प्रवासाला नेण्यापूर्वी तीन सोप्या चाचण्या करतात.

हवेची चाचणी : पिशवीत हवा कोंडून तोंड गुंडाळतात व ती बादलीतील पाण्यात दाबतात. बुडबुडे येतील तेथे खडूने खूण करतात.

पाणी भरण्याची चाचणी : पिशवी उभी टांगून तीत ३० सेंमी उंचीपर्यंत पाणी भरतात. तळावर ३०० मिमी जलस्तंभाचा दाब पडतो. ओघळ कोठून सुरू होतो ते पाहतात.

कागदाची चाचणी : आत वर्तमानपत्राचे कोरडे कागद भरून, सायकलवर बांधलेल्या स्थितीतच पंधरा-वीस मिनिटे नळीने पाणी मारतात. मागच्या पिशवीवर पाणी खालून मारणे आवश्यक असते.

मर्यादा व सुरक्षितता

पिसांची निद्रापिशवी भिजली की तिच्यातील हवा कोंडून ठेवणारा फुगवटा नाहीसा होतो आणि ऊब मिळत नाही. थंड प्रदेशात यामुळे शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. म्हणून स्वतः शिवलेल्या पिशवीवर एकट्या विसंबून न राहता दोन थरांची योजना करतात. बाहेरची शिवलेली पिशवी घर्षण व पावसाचा मारा सोसते. आतली, विनाशिवणीची वा जाड प्लास्टिकची पिशवी कपडे, औषधे व विद्युत उपकरणे कोरडी राखते. एका थरात दोष राहिला तरी दुसरा तग धरतो.

दुसरा धोका चाकाचा आहे. पिशवी व चाक यांत सामानाचे वजन आणि खड्ड्यातील हिसका धरून पुरेसे अंतर असावे. धक्काशोषक असलेल्या सायकलवर तो पूर्ण दाबून अंतर तपासतात. पट्टीचे लोंबते टोक आऱ्यांत अथवा साखळीत अडकल्यास चाक अचानक थांबून सायकलस्वार पुढे फेकला जाऊ शकतो. म्हणून पट्ट्यांची टोके दुमडून पाशात खोचतात किंवा वेल्क्रोने बांधतात. पिशवीमुळे ब्रेकच्या तारा वाकत नाहीत, दिवा झाकला जात नाही आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळते, याचीही खात्री करतात.

निगा व दुरुस्ती

पिशव्या साध्या पाण्याने व सौम्य साबणाने हाताने धुतात. यंत्रात धुतल्यास लेप व सीलपट्टी सुटते. सावलीत पूर्ण वाळवून, घडी न घालता सैल ठेवतात. एकाच घडीवर लेपाला चिरा पडतात. लहान फाटीवर आतून व बाहेरून गोल कडांचे ठिगळ चिकटवतात, कारण चौकोनी कोपरा लवकर उचकटतो.

बाहेरील पृष्ठभागावरून थेंब ओघळावेत म्हणून कापडांना दिले जाणारे फ्लोरिनयुक्त रसायनांचे संस्कार निसर्गात दीर्घकाळ विघटित होत नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून अशा रसायनांच्या वस्त्रोद्योगातील वापरावर निर्बंध घातले आहेत. या संस्काराविनाही पिशवीचे पाणी अडते, कारण ते काम आतील लेपाचे असते.

महाराष्ट्रातील परिस्थिती

कोकण व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या काळात पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही. त्यामुळे येथे खरी कसोटी पावसाच्या जोराइतकीच त्याच्या कालावधीची असते. पिशवी रात्रीतून वाळत नाही, आतील दमट हवेने बुरशी धरते आणि पॉलियुरेथेनचा लेप लवकर खराब होतो. जलाभेद्य पिशवीत ओले कपडे कोंडल्यास ते ओलेच राहतात, म्हणून ओल्या व कोरड्या सामानाच्या पिशव्या वेगळ्या ठेवणे सोयीचे पडते.

नवार, बकले, वेल्क्रो व रेग्झिन हे साहित्य शहरांतील पिशव्या दुरुस्त करणाऱ्यांच्या बाजारपेठेत मिळते. जाहिरातफलकांचे जुने फ्लेक्स कापड विनामूल्य मिळू शकते. ते शिवणकामाच्या सरावासाठी व आतील आवरणासाठी उपयुक्त आहे, मात्र ऊन लागल्यावर त्याला घड्यांवर भेगा पडत असल्याने मुख्य पिशवीसाठी त्यावर भिस्त ठेवता येत नाही. घरच्या यंत्रावर न शिवता येणारे जाड थर चर्मकार आरीने व मेणाच्या दोऱ्याने हाताने शिवून देतात. प्रवासात एखादी पट्टी उसवल्यास गावोगावी उपलब्ध असणारी दुरुस्ती हीच होय.